अडगावची लढाई आणि विजेत्याचे पत्र

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथल्या सपाट रानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची जनरल आर्थर वेलस्लीच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी गाठ पडली. भोसल्यांच्या बाजूने दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू लढत होते. दिवस मावळायच्या सुमारास निकाल लागला, चांदण्यात पाठलाग झाला आणि मराठ्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत एवढेच येते. ही बातमी बाहेर कशी गेली, हा भाग मात्र त्याहून महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या दिवशी वेलस्लीने गव्हर्नर जनरलला अहवाल पाठवला. गव्हर्नर जनरल म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ रिचर्ड. धोरण थोरल्याचे, लढाई धाकट्याची आणि तिची बातमी लिहिणाराही धाकटाच! आघाडीच्या पायदळात काहीसा गोंधळ उडाल्यामुळे रांगा उभ्या करायला थोडा वेळ लागला, असे त्या अहवालात एका ओळीत येऊन जाते. पुढे सगळा विजयच आहे.

२ डिसेंबरला मेजर शॉ यांना लिहिलेल्या पत्रात मात्र तोच माणूस वेगळे बोलतो. आधीच्या असईच्या लढाईत शर्थीने लढलेल्या तीन पलटणी तोफांचा मारा सुरू होताच फुटून पळत सुटल्या, आणि तो मारा असईच्या मानाने काहीच नव्हता. आपण जवळ होतो म्हणून त्यांना आवरता आले. नसतो तर लढाई हातची गेली असती, अशी त्याची खात्री होती. पलटणींची पळापळ अहवालात ‘गोंधळ’ झाली होती. अहवालातला एकही शब्द खोटा नाही, तरीही वाचणाऱ्याची दिशाभूल होते. युद्धाच्या बातमीतली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ कारागिरी असावी.

मोजदादही एकतर्फीच. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेतीनशेच्या आसपास होते, आणि तो आकडा नीट नोंदलेला आहे. मराठ्यांकडचे नुसते ‘पुष्कळ’ मारले गेले. पुढच्या पुस्तकांत त्यांचे गोल पाच हजार झाले. ती माणसे कोणत्या गावची होती, हे त्या आकड्यात शोधून सापडत नाही. शिवाय शिंद्यांशी २३ नोव्हेंबरलाच युद्धतहकुबीचा करार झाला होता. आठवडाही उलटला नसताना लढाई झाली; शिंद्यांनी अटी पाळल्या नाहीत, हे वेलस्लीचे म्हणणे. इंग्रजी पुस्तकांतून आपल्यापर्यंत आले तेही तेवढेच.

मराठी दरबारांकडे बातमीची सोय नव्हती असे नाही. दरबारोदरबारी अखबारनवीस असत, पण त्यांचे कागद मालकापुरते राहत. इंग्रजांकडची पत्रे छापली जात. १८३०च्या दशकात जॉन गुरवुडने वेलस्लीचा पत्रव्यवहार खंडच्या खंड प्रसिद्ध केला, तोवर वेलस्ली वॉटर्लूचा विजेता आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला होता. इकडे युद्धाचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता: अमरावती जिल्ह्यातला गाविलगड किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजीच पडला होता. दोन दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे.

टीव्ही आला तेव्हा युद्धाच्या बातमीतला हा एकतर्फीपणा बदलेल अशी आशा होती, कारण प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार होता. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात कारवाई थेट दाखवली गेली. २०१२च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल वाहिन्यांना खडे बोल सुनावले. २०१५ साली केबल नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट चित्रणावर बंदी आली.

त्या नियमाचा रोख शत्रूच्या हाती जाणाऱ्या खऱ्या माहितीवर होता. आपल्याच प्रेक्षकाला मिळणाऱ्या खोट्या माहितीबद्दल तो गप्प आहे. ८ मे २०२५च्या रात्री, ऑपरेशन सिंदूरच्या काळात, काही राष्ट्रीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आणि इस्लामाबादेत सैन्य घुसल्याचे सांगितले. यांतले काहीच घडले नव्हते. गाझातली दृश्येही त्या रात्रीची म्हणून दाखवली गेली. नंतर दिलगिरी आली, तीही थोड्यांकडून आणि थोडक्यात. अकोल्या-अमरावतीच्या ज्या घरांतली मुले सैन्यात आहेत, त्यांनी ती रात्र याच पडद्यांसमोर काढली.