१८६२ चा महापूर आणि बिननावाची माणसे

नदीकाठच्या गावात पुरावर व्याख्यान देणे म्हणजे सुताराच्या घरी जाऊन रंधा कसा धरावा हे सांगण्यापैकीच आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी २०१९ चा ऑगस्ट पाहिला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली, आणि इकडे पंचगंगेने कोणत्या गल्लीत कोणत्या पायरीपर्यंत पाणी आणले ते लहान मुलेदेखील बोट ठेवून दाखवितात. तेव्हा आपल्या पुराची हकीकत आम्ही सांगणार नाही. ज्या पुराकडे आम्ही वळणार आहो तो १६० वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया प्रांतात आला. मात्र त्याच्याकडे आमचे लक्ष वळले ते आपल्याच पुरामुळे, ही गोष्ट आरंभीच कबूल करतो.

झाले असे. पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. आम्ही यंत्रमाग कामगारांत काम करणारे. एका कारखान्यात आम्ही कामगारांसह उभे होतो. किती माग बुडाले, किती बीम भिजले, सुताची किती पोती वाया गेली, सारे लिहिले गेले. ते योग्यच होते. परंतु त्या मागांवर उभे राहणाऱ्या माणसांच्या दोन-अडीच आठवड्यांच्या बुडालेल्या पगाराचे काय, असे विचारताच मालकांनी पुराचे दिवस 'खाडा' म्हणून मांडल्याचे कळले. कांडी भरणारी एक बाई म्हणाली, "दादा, पूर काय आम्ही आणला व्हता?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता जुन्या पुरांविषयी जे मिळेल ते आम्ही वाचू लागलो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका कपाटाने आणि एका फाटक्या शब्दकोशाने केले. या वाचनातच विल्यम ब्रुअर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची पत्रे हाती लागली. तो त्या प्रांताच्या भूगर्भपाहणीत नोकर होता. त्याने आपल्या भावास लिहिलेली ती पत्रे १९३० साली पुस्तकरूपाने निघाली.

प्रथम भूगोल. कॅलिफोर्नियाच्या मधोमध, दोन डोंगररांगांच्या दरम्यान, लांबट काहिलीसारखे एक खोरे आहे. समुद्राकडील रांग ठेंगणी, पूर्वेकडील सिएरा नेवाडाची रांग उंच व हिमाच्छादित. उत्तरेकडून सॅक्रामेंटो आणि दक्षिणेकडून सॅन वाकीन या नद्या येतात व सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जाणाऱ्या एकाच अरुंद तोंडातून बाहेर पडतात. काहिलीस तोटी एकच! पॅसिफिकवरून येणारी वाफ सिएराला थडकते, वर चढते, थंड होते व पडते. आपला सह्याद्री महाबळेश्वरी जे करतो तेच. फरक इतकाच की तेथे पावसाळा हिवाळ्यात असतो, आणि उंचावर पाऊस न पडता बर्फ पडते.

आज शास्त्रज्ञ त्या वाफेच्या पट्ट्यास 'वातावरणीय नदी' म्हणतात. उष्ण समुद्रावरून, पुष्कळदा हवाई बेटांच्या बाजूने, शेकडो मैल लांबीचा हा ओलसर वारा वाहत येतो. १८६१ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील ओरेगॉनात आधी पाऊस लागला आणि डिसेंबरात तेथील विलामेट नदीने काठची गावेच्या गावे धुऊन नेली. त्याच सुमारास सिएरावर थंड वादळांनी दहा ते पंधरा फूट बर्फ टाकले. इतक्यावर थांबते तर वसंतात ते सावकाश वितळते. परंतु पाठोपाठ उबदार वादळे आली. बर्फावर कोमट पाऊस पडला. म्हणजे आकाशातील पाणी आणि डोंगरावर साठविलेले पाणी, दोन्ही एकाच वेळी खाली निघाले. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षभरात जेवढा पाऊस पडावयाचा, तेवढा एका जानेवारीत पडला: २४ इंचांहून अधिक.

खोऱ्याचा समुद्र झाला. लांबी सुमारे ३०० मैल, रुंदी सरासरी २० मैल. नव्यानेच उभारलेल्या तारायंत्राचे खांब पाण्याखाली गेले. आगबोटी शेतांवरून चालू लागल्या आणि उंचवट्यांवर अडकलेली माणसे व जनावरे उचलू लागल्या. वाऱ्याची गोष्ट पुष्कळ वर्णनांत सुटते, परंतु ब्रुअरने ती टिपली आहे. इतक्या विस्तीर्ण पाण्यावर वारा मोकाट सुटला की लाटा उठत, आणि पुरात तग धरलेली लाकडी घरे त्या लाटांच्या माऱ्याने मोडत. प्रांतातील सुमारे आठ लाख गुरांपैकी चौथा हिस्सा बुडाला, दर आठ घरांमागे एक घर गेले, असा अंदाज आहे. माणसे किती मेली याची खरी मोजदाद कोणी केलीच नाही.

सॅक्रामेंटो हे राजधानीचे शहर दोन नद्यांच्या संगमावर वसलेले. व्यापाऱ्यांना धक्का जवळ हवा होता, म्हणून संगम. १८५० सालच्या पुराने शहाणपण आले आणि शहराभोवती मातीचे बांध घातले गेले. ९ डिसेंबर १८६१ रोजी अमेरिकन नदीने पूर्वेकडील बांध फोडला व पाणी आत आले. आत आले, पण बाहेर जाईना. कारण उरलेले बांध मजबूत होते! ज्या तटाने शहर राखावयाचे, त्याच तटाने शहराचा हौद केला. अखेर आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी बांध फोडावयाचे ठरले. हे काम कोणाला सांगितले असेल? बेडीतल्या कैद्यांना. त्यांनी बांध फोडला तेव्हा पाण्याच्या ओढीने काही घरेही त्या खिंडारातून वाहून गेली. कैद्यांचे पुढे काय झाले, हे आमच्या वाचनात कोठे आले नाही.

जानेवारीत पुन्हा पूर आला. १० जानेवारी १८६२ हा नव्या गव्हर्नरच्या शपथविधीचा दिवस होता. लेलँड स्टॅन्फर्ड, धंद्याने व्यापारी, नावेत बसून समारंभास गेला आणि परतताना आपल्या घरात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून शिरला. ही गोष्ट तेथे आजही कौतुकाने सांगितली जाते. विधिमंडळाने मात्र चिखलात कारभार करण्यापेक्षा बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोस हलविले. प्रांताचा खजिना रिकामा झाला, आणि सरकारी नोकरांना दीड वर्ष पगार मिळाला नाही. ब्रुअर त्यांपैकीच एक. हा माणूस पगाराविना डोंगर चढत होता, नकाशे करीत होता. सरकार बुडाले की पहिल्याने पगार बुडतो, हे त्या मुलुखातही खरे ठरले.

दोन गोष्टी मात्र आम्हांला या साऱ्या हकिकतीत फार मोलाच्या वाटतात. मेरीस्व्हिलच्या आसपास राहणारे मूळचे इंडियन लोक मोठ्या पुराच्या आठवडाभर आधीच, कधी न पाहिलेले पाणी येणार असे सांगून, टेकड्यांकडे निघून गेले होते. हे त्या काळच्या एका वर्तमानपत्रानेच छापले आहे. ज्यांच्या जमिनी बळकावल्या त्यांना नदीचा स्वभाव ठाऊक होता. बळकावणाऱ्यांना तो नव्हता. दुसरी गोष्ट दक्षिणेकडील आग्वा मान्सा या खेड्याची. न्यू मेक्सिकोतून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकऱ्यांचे हे गाव सांता आना नदीच्या काठी होते. घरे कच्च्या विटांची, आपल्याकडील मातीच्या घरांसारखी. २२ जानेवारीच्या रात्री पाणी चढले तेव्हा धर्मगुरूने देवळाची घंटा वाजवावयास सुरुवात केली आणि ती वाजवीत राहिला. गाव उठले, उंचावरील देवळात गेले. सकाळी घरांच्या जागी चिखल होता, पण माणसे वाचली. पाण्याची उंची मोजण्यापूर्वी कोणी घंटा वाजविली हे विचारावे, असे आमचे मत झाले आहे.

आता त्या माणसांकडे वळतो ज्यांच्यासाठी कोणी घंटा वाजविली नाही. सोन्याच्या शोधात चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हजारो माणसे या डोंगरांत आली होती. त्यांच्यावर वेगळा कर होता, आणि गोऱ्यांनी सोडून दिलेल्या, नदीपात्रातल्या जागा त्यांच्या वाट्यास येत. म्हणजे पूर आला की प्रथम तेच. वर्तमानपत्रांत गोऱ्या मृतांची नावे येत. चिनी मृतांचा बहुधा नुसता आकडा येई, तोही गोळाबेरीज. या डोंगरांत आणखी एक उद्योग चालू होता. मोठ्या नळांतून पाण्याचे झोत सोडून टेकड्याच्या टेकड्या धुवून सोने काढीत. सोने कंपनीचे, गाळ नदीचा. त्या गाळाने पात्रे वर आली आणि पुढील वर्षांतले पूर अधिक भयंकर झाले. खालच्या शेतकऱ्यांनी दावा लावला आणि १८८४ च्या जानेवारीत न्यायाधीश सॉयर यांनी गाळ नदीत सोडण्यास मनाई केली, तोवर ३० वर्षे गेली होती.

शपथविधीला नावेतून जाणारा स्टॅन्फर्ड पूर ओसरल्यावर वर्षभराने, जानेवारी १८६३ मध्ये, त्याच सॅक्रामेंटोत रेल्वेच्या कामाचा मुहूर्त करताना दिसतो. सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा तो अध्यक्ष होता. (त्याच वर्षी एप्रिलात आपल्या बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तेथेही थकलेल्या पगारावरून १८५९ साली मजुरांचा उठाव झाला होता. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) सिएरा ओलांडावयास माणसे मिळेनात, तेव्हा कंपनीने चिनी मजूर घेतले; पुढे दहा माणसांत नऊ चिनी झाले. खालच्या खोऱ्यात ज्याचा पूर होतो, तेच पाणी वर बर्फ होऊन त्यांच्या डोक्यावर पडे. १८६६-६७ च्या हिवाळ्यात ४४ वादळे आली. सुमारे ७००० फूट उंचीवर १६५९ फूट लांबीचा बोगदा ग्रॅनाइटमध्ये खोदावयाचा होता. दिवसाला एका तोंडाशी साधारण फूटभर काम होई. मजुरांच्या झोपड्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. झोपडीपासून कामापर्यंत बर्फातच भुयारे काढून माणसे महिनोन्‌महिने सूर्य न पाहता ये-जा करीत. हिमकडे कोसळून माणसे गाडली जात आणि प्रेते वसंतात बर्फ वितळल्यावर हाती लागत.

त्या हिवाळ्यानंतर, १८६७ च्या जूनअखेर, सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी एकाच वेळी काम थांबविले. मागणी काय? महिन्यास ४० डॉलर, दिवसाचे काम अकराऐवजी दहा तास, आणि बोगद्यातली पाळी आखूड. दंगा नाही, दारू नाही, मोडतोड नाही. कंपनीची माणसेसुद्धा त्यांच्या शिस्तीने चकित झाली. संप म्हणजे काय हे आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो आहोत. असा संप आम्हांला क्वचितच जमला. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने एकच उपाय केला: धान्य बंद. डोंगरात दुसरे दुकान नव्हते. सुमारे आठवडाभरात संप मोडला.

येथवर सांगताना आमचा आवाज ताठ असतो. पुढचे सांगताना तो खाली येतो. या चिनी मजुरांच्या मदतीस गोऱ्या कामगारांची एकही संघटना आली नाही. उलट १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नी याने कामगारांचा पक्ष उभारला, आणि त्या पक्षाची घोषणाच अशी होती की चिन्यांनी चालते व्हावे. मजुरी कोणी पाडली? कंपनीने. दोष कोणाच्या माथी गेला? सर्वांत कमी मजुरीवाल्याच्या. १८८२ साली चिनी मजुरांस देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. कामगार संघटनांनी त्याचा पाठपुरावा केला होता, आणि तो १९४३ पर्यंत टिकला. अभ्यासवर्गात हे सांगू नका, चळवळीची अब्रू जाते, असा सल्ला आम्हांला एका जुन्या सहकाऱ्याने दिला. आम्ही तो मानला नाही. परप्रांतातून आलेल्या कामगाराविषयी आमच्याच सभासदांच्या तोंडून मागांच्या खडखडाटात काय काय निघते, ते आम्ही ऐकतो.

पुराच्या पाण्याने सॅक्रामेंटो शहर हलविले नाही, ते उचलले. पुढील कित्येक वर्षे गाड्यागाड्यांनी माती टाकून रस्ते दहा-दहा फूट वर घेतले गेले. जुनी दुकाने तळघरे झाली, आणि ती आजही दाखविली जातात. नदीखोऱ्यातील पाणथळ जमिनींभोवती मैलोगणती बांध घालण्याचे काम पुन्हा चिनी मजुरांनीच केले, खांद्यावर आणि हातगाड्यांवर माती वाहून.

ही हकीकत अभ्यासवर्गात सांगितली तेव्हा त्या कांडीवाल्या बाईंनी आणखी एक प्रश्न टाकला. ती माणसे पगार घेत होती ना, मग त्यांची नावे पगाराच्या वहीत असतीलच की! प्रश्न बिनतोड होता. आम्ही शोधले. बोगदे खणणाऱ्या त्या हजारो मजुरांपैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी संशोधकांना सापडलेली नाही. कंपनीच्या काही पगारवह्या मात्र उरल्या आहेत. १८६४ च्या जानेवारीतल्या वहीत हंग वा असे एक चिनी नाव येते. तो टोळीचा मुकादम. पैसे त्याच्या हाती दिले जात व तो वाटी. त्याच्या हाताखालच्यांच्या नावांची त्या वहीत गरज नव्हती. हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावर बसलेला ऊसतोडीचा एक पोरगा हसला आणि म्हणाला, "आमच्याबी उचलीच्या वहीत मुकादमाचंच नाव असतंय."