घरगुती व्यायामशाळा

घरगुती व्यायामशाळा म्हणजे राहत्या घरात, गच्चीवर किंवा अंगणात व्यायामासाठी राखून ठेवलेली आणि आवश्यक साधनांनी सज्ज केलेली जागा होय. बोलीभाषेत तिला 'होम जिम' म्हणतात. एका सतरंजीपासून वजने, बाक आणि पोलादी रॅक असलेल्या स्वतंत्र खोलीपर्यंत तिचे स्वरूप असू शकते. तालमीत किंवा सार्वजनिक व्यायामशाळेत योग्य जमीन, मोकळी जागा आणि जाणत्याची देखरेख आयती मिळते. घरी या तिन्ही गोष्टींची तजवीज स्वतःच करावी लागते. त्यामुळे साधनांच्या खरेदीपूर्वी जागेचे नियोजन आवश्यक ठरते.

इतिहास

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा प्रामुख्याने तालमींची आहे. परंतु जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना फारशी जागा व साधने लागत नसल्याने ते घरीही केले जात. युजेन सँडो (१८६७–१९२५) या शरीरसौष्ठवपटूने हलके डंबेल वापरून घरी करावयाची व्यायामपद्धती पुस्तके आणि टपालाद्वारे दिलेल्या शिक्षणातून जगभर लोकप्रिय केली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने मागवून त्याच्या पद्धतीने अनेक वर्षे व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचा त्यांनी मोठा प्रसार केला.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे व्यायामशाळा बंद राहिल्या. महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, पुन्हा सुरू झाल्या. या काळात घरी व्यायाम करण्याचे प्रमाण वाढले आणि अनेक देशांत डंबेल व वजनाच्या चकत्यांचा तुटवडा जाणवला.

जागेचे नियोजन

जोर, बैठका व सूर्यनमस्कारांसाठी सुमारे दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद जागा पुरते. पूर्ण आकाराच्या ऑलिंपिक बारबेलची लांबी २.२ मीटर असते. दोन्ही टोकांना चकत्या चढवण्यासाठी साठ-साठ सेंटिमीटर जागा सोडल्यास खोलीची एक बाजू किमान ३.४ मीटर असावी लागते.

उंचीचा विचार अनेकदा राहून जातो. मध्यम उंचीच्या व्यक्तीने बारबेल डोक्यावर उचलल्यास ४५ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीची वरची कड जमिनीपासून सुमारे २.४ मीटरवर पोहोचते. भारतीय घरांत छताचा पंखा याच उंचीच्या आसपास फिरतो. म्हणून असे व्यायाम पंख्याखाली करू नयेत. तेथे भिंतीवरील पंखा बसवणे सोयीचे ठरते.

जमीन व भारक्षमता

भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, समान पसरलेला चलभार गृहीत धरून आखली जाते. व्यवस्थित बांधलेल्या इमारतीत काही डंबेल व एक बाक ठेवल्याने सहसा अडचण येत नाही. मात्र जड वजने एका जागी रचणे किंवा उंचावरून टाकणे यांमुळे लाद्या तडकतात आणि खालच्या मजल्यावर आवाज व कंप पोहोचतो. प्लायवूडच्या थरावर जाड रबरी लाद्या अंथरल्यास भार पसरतो व आघात कमी होतो. तथापि त्यामुळे स्लॅबची भारक्षमता वाढत नाही. वरच्या मजल्यावर जड साधने ठेवण्यापूर्वी, विशेषतः जुन्या इमारतीत, संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. लटकण्याचा दांडा पातळ किंवा पोकळ विटांच्या भिंतीत न ठोकता काँक्रीटच्या तुळईत अथवा स्तंभात बसवतात. तेथे छिद्र पाडतानाही आतील सळयांना धक्का लागू नये यासाठी तज्ज्ञाची मदत घेणे इष्ट असते.

साधनांची निवड

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. चालणे, दोरीवरील उड्या, जोर, बैठका आणि रबरी पट्टे यांच्या साहाय्याने हे उद्दिष्ट अल्प खर्चात गाठता येते. सवय स्थिरावल्यावर वजन बदलता येणारे डंबेल, बाक आणि शेवटी बारबेल व रॅक असा क्रम सोयीचा असतो.

सुरक्षितता

बाकावर आडवे होऊन एकट्याने बारबेल उचलताना ती छातीवर किंवा गळ्यावर अडकणे हा गंभीर धोका आहे. तो टाळण्यासाठी रॅकचे आडवे सुरक्षा-दांडे छातीच्या पातळीजवळ, पण गळ्यापेक्षा उंच लावतात. रॅक नसल्यास डंबेल वापरणे अधिक सुरक्षित असते.

ट्रेडमिलच्या मागे सुमारे दोन मीटर मोकळी जागा ठेवतात. पेलोटन कंपनीने मे २०२१ मध्ये अमेरिकेत आपले 'ट्रेड प्लस' हे यंत्र परत मागवले. त्यापूर्वी एका बालकाचा मृत्यू आणि अनेक अपघातांची नोंद झाली होती. वापर संपताच यंत्राची सुरक्षा-किल्ली काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणे आवश्यक असते.

देखभाल

कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात लोखंड लवकर गंजते. वापरानंतर घाम पुसणे, बारबेलला अधूनमधून हलके तेल लावणे, हवा खेळती ठेवणे आणि नट-बोल्ट वेळोवेळी तपासणे ही नित्याची कामे होत.

हेही पाहा

तालीम, सूर्यनमस्कार, मल्लखांब, भारोत्तोलन