छाटीचा न्याय

हाताने वळलेल्या सिगारचा जाणकार ती पेटवण्याआधी बोटांत हळूच दाबून पाहतो. आत गाठ आहे का, कुठे पोकळ लागते का, वरचे पान सलग आहे का, हे त्याला कळते. ही पारख शौकिनाची कला मानली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विडीचा इतिहास मात्र दाखवतो की पारख हा चवीआधी मजुरीचा प्रश्न आहे. संगमनेरला आणि अहिल्यानगर शहरातल्या पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या टेंभुर्णीचे भिजवलेले पान कातरले, त्यात तंबाखू पसरली, विडी वळली आणि दोऱ्याने बांधली. मजुरी हजार विड्यांवर ठरे. माल तपासताना घट्ट, सैल किंवा फाटक्या पानाची विडी बाजूला पडे, ती छाट. शौकीन सिगारमध्ये शोधतो तेच दोष इथे शोधले जात, पण निकालाने कुणाची चव बिघडत नसे, दिवसाची कमाई घटे. तपासनीस मालकाचा असल्याने हात जितका कडक, तितका मालकाचा फायदा.

सिगारशी विडीची तुलना कशी, असे कोणी विचारील. सिगारमध्ये भरण, बांधपान आणि वेष्टन, तिन्ही तंबाखूचीच पाने. विडी एका रानपानाची, स्वस्त. फरक खरा आहे, पण दोन्हींचा दर्जा बोटांतच ठरतो. 1966 च्या कायद्यानेही विडी आणि सिगार कामगारांना एकाच नावाखाली आणले आणि घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीला मर्यादा घातली. मालक न्यायालयात गेले, पण 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य धरला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जीव घेणाऱ्या वस्तूचे कौतुक कशाला? विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी नाही, आणि तंबाखूची धूळ विडी न ओढणाऱ्या बाईच्याही छातीत जाते. पण कौशल्याची कदर म्हणजे धुराची भलामण नव्हे. उलट, धंदा आटत जाताना या बायांना दुसरे काम द्यायचे, तर त्यांच्या बोटांत काय आहे हे आधी ओळखावे लागेल. आजवर त्या बोटांची मोजदाद झाली ती छाटीच्या ढिगात.