रेशमी खोळ आणि रिठा



लीव्हरचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कोलकात्याला उतरला. त्याआधीपासून आपल्याकडे रेशीम रिठ्याने धुण्याची रीत होती. रेशीम केसांसारखेच प्रथिनांचे. साबणाच्या क्षाराने त्याची चमक जाते, धागा विरतो. विलायतेतही ही अडचण होतीच. म्हणून लीव्हरने १८९९ मध्ये नाजूक कपड्यांसाठी साबणाचे पातळ पापुद्रे काढले. १९०० मध्ये त्यांचेच नाव ‘लक्स’ झाले!

सासूबाईंच्या दुलईची रेशमी खोळ मी अजून रिठ्यानेच धुते. रिठे उकळायचे, पाणी गाळून गार करायचे, खोळ त्यात हलकेच खळबळायची. पिळायची नाही, सावलीत वाळवायची.

कोशातले जीव उकळून निघालेले रेशीम आम्ही नवे घेत नाही. घरात आहे ते मात्र विरू द्यायचे नाही.