काळी, पांढरी आणि झोन १

झोनिंग हा शब्द आपल्याला फक्त फ्लॅट घेताना आठवतो. येलो झोन आहे का, ग्रीन झोन आहे का, एनए झालंय का, बँक लोन देईल का... बस. मी कंधारचा (जिल्हा नांदेड, अफगाणिस्तानचा नव्हे, हा विनोद कॉलेजात चार वर्षं ऐकलाय). आमच्याकडे झोनिंगला फार जुने दोन शब्द आहेत. काळी आणि पांढरी.

काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, म्हणजेच गावठाण. शेकडो वर्षं एकाच जागी चुलीची राख पडते, भिंती पडतात, त्यांची माती तिथेच मुरते, वर पुन्हा भिंती उभ्या राहतात. हळूहळू जागेचा रंगच बदलतो. काळीत घर बांधायचं नाही आणि पांढरीत नांगर घालायचा नाही, एवढा साधा डेव्हलपमेंट प्लॅन. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यात गाढवाचा नांगर फिरवला हे शाळेत शिकलोय आपण. त्याची भीती कशाची होती? वस्तीच्या जागेत नांगर घातला म्हणजे ही आता पांढरी राहिली नाही, इथे पुन्हा कुणी राहायचं नाही. आजच्या भाषेत, राखणदार उभा करून केलेला झोन चेंज.

आता मुद्दा असा की ही पांढरी इतकी दाटीवाटीची का असते? घराला घर चिकटलेलं, बोळ असा की समोरून बैल आला की आपण भिंतीला पाठ लावायची. एक कारण काळीच. चांगली जमीन घरासाठी कोण वाया घालवणार? दुसरं कारण भीती. लुटारू, पेंढारी, जाणाऱ्या-येणाऱ्या फौजा. म्हणून गावाला कूस, कुसाला वेस, वेशीला दरवाजा आणि रात्री तो बंद. आणि हेही सांगायलाच हवं की कुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे जातीने ठरलेलं होतं. संरक्षणाची रेघ आणि माणसं वेगळी करायची रेघ एकच होती.

याच विचाराचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या गावातच आहे. कंधारचा किल्ला भुईकोट. डोंगर नाही, म्हणून डोंगराचं काम खंदकाने करायचं. किल्ल्याचं नाव राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी जोडलं जातं, म्हणजे दहावं शतक. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलावही इथलाच. पुढे निजामशाही आली, आणि १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजेने नासिरी खानाच्या हाताखाली किल्ला घेतला. एवढा खंदक, एवढी तटबंदी, तरी घेतला. पण किल्ल्यावर पुन्हा कधीतरी वेगळं लिहीन, आज त्यातली एकच गोष्ट हवी आहे: जाड भिंत म्हणजे सुरक्षित, हे समीकरण.

हे समीकरण किल्ल्यातून गढीत आलं, गढीतून वाड्यात आणि वाड्यातून साध्या शेतकऱ्याच्या घरात. मराठवाड्यातलं जुनं घर आठवून बघा. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, कुठे त्याहून जाड. दगड मातीत बसवलेले. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाहीच, असली तर झरोका. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. आणि माळवदावर टाकायला उत्तम माती कुठली, तर पांढरीचीच, कारण तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. दर पावसाळ्याआधी नवा थर पडायचा. जुना काढायचा कंटाळा, म्हणून माळवद वर्षागणिक जड होत जायचं. (लेगसी कोडवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला तरी अशा घरात दुपारी झोप लागते. चोराला भिंत फोडायला रात्र पुरत नाही. म्हणजे ज्या धोक्यांसाठी डिझाइन होतं, त्यांच्यासाठी ते झकास होतं. आमच्या क्षेत्रात याला थ्रेट मॉडेल म्हणतात: कुठला धोका धरून बांधलंय ते. इथे ऊन होतं, दरोडा होता, पाऊस होता. जमीन हलेल हे त्यात नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. कंधारपासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ ६.२ रिश्टरचा भूकंप झाला. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमची आजी अजूनही सांगते, उतरंडीतली भांडी वाजायला लागली तेव्हा मांजर आहे म्हणून ती आधी ओरडली होती. कंधारात भांडी वाजली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं राहिलीच नाहीत. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृत्यूंचा, इतर नोंदी दहा हजारांपर्यंत जातात.

जगाच्या हिशोबात ६.२ हा काही राक्षसी भूकंप नाही. जपानमध्ये एवढ्या धक्क्यानंतर लोक ऑफिसला जातात म्हणतात. मारलं ते घरांनी. ती जाड भिंत खरं तर एक भिंत नव्हतीच. आतली एक बाजू, बाहेरची एक बाजू आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या. कित्येक घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा होता, भिंती तेवढ्या माणसांवर कोसळलेल्या. जिथे सांगाडाही गेला तिथे वरून टनावारी माती आली. जे धडपडत बाहेर आले त्यांच्यासमोर तो बोळ, दोन्ही बाजूंनी ढासळणारा. आणि ज्यांना दगडाचं घर कधी परवडलंच नाही, जे कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या घरात झोपले होते, त्यांच्यातले बरेच वाचले.

आता झोनकडे येतो. भारतात भूकंपाचा झोनचा नकाशा भारतीय मानक १८९३ मध्ये असतो, पहिली आवृत्ती १९६२ ची. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, हे तेव्हा गृहीतच होतं. मग ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर वरच्या झोनमध्ये गेला. किल्लारी मात्र झोन १ मध्येच राहिली. सगळ्यात कमी धोक्याचा झोन. १९८४ च्या आवृत्तीतही तेच. १९९३ नंतर काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल: २००२ च्या आवृत्तीत झोन १ हा प्रकारच रद्द करून दोनमध्ये मिसळला आणि लातूरचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये गेला. आधी भूकंप, मग नकाशा. प्रॉडक्शनमध्ये फुटलं की मग टेस्ट केस लिहायची, तसं.

पण मला जास्त खुपतं ते दुसरंच. जमिनीने सूचना दिली होती. ऑगस्ट १९९२ पासून मार्च १९९३ पर्यंत किल्लारीत धक्के बसत होते, एक-दोन नाही, शंभराच्या वर. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगला मोठा होता, घरांना तडे गेले. लोक घाबरलेले होते. मग धक्के थांबले आणि लोक पुन्हा माळवदाखाली झोपायला लागले.

समजा तुम्ही तेव्हा किल्लारीच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहात. काय केलं असतं? गावठाणात बांधकामाला परवानगी द्यायचा अधिकार कायद्याने पंचायतीकडे होता. पण उभ्या असलेल्या घराबद्दल "यात झोपू नका" म्हणायला हातात काय होतं? इंजिनियर नाही, पैसा नाही, आणि देशाचा नकाशा म्हणतोय की तुम्ही सगळ्यात सुरक्षित झोनमध्ये आहात. गंमत (वाईट अर्थाने) बघा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, ७४ वी १ जून १९९३ ला. ग्रामीण घरबांधणी अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत आली. नगररचना, जमिनीचा वापर आणि इमारतींच्या बांधकामाचं नियमन हे बाराव्या अनुसूचीतले अगदी पहिले विषय, नगरपालिकांसाठी. कागदावर सत्ता खाली आली आणि चार-पाच महिन्यांत भूकंप. शिवाय दगड-मातीच्या कमकुवत बांधकामासाठीचं भारतीय मानक १३८२८ हेही १९९३ चंच! त्यात भिंत दीड फुटापेक्षा जाड नको आणि साधारण चार-चार फुटांवर आरपार दगड हवा, असं लिहिलंय. म्हणजे उत्तर छापून होतं किंवा छापलं जात होतं. आमच्या गवंड्यांपर्यंत ते येणार कसं, याची वाट कुणी बांधली नव्हती.

पुनर्वसन मात्र प्रचंड झालं, आणि त्याला नावं ठेवणं सोपं आहे म्हणून आधी हे सांगतो: लाखो माणसांना घर मिळालं, तेही काही वर्षांत. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. जागतिक बँकेच्या पैशातून प्रकल्प उभा राहिला, देशभरच्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. ५२ गावं नव्या जागी वसवली. जमीन किती यावर घराचा आकार: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०.

नवी गावं म्हणजे सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, घराघरात अंतर. बोळ नाही. भूकंपाच्या दृष्टीने एकदम बरोबर. पण त्याच हिशोबामुळे बऱ्याच गावांत एका आकाराची घरं एका बाजूला आली, म्हणजे पूर्वी जातीची रेघ होती, आता सातबाराची. गावठाण जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. दिव्याचे खांब तेवढे वाढले, नळाची लाइन तेवढी लांबली, आणि हे सगळं सांभाळायचं कुणी? तर त्याच ग्रामपंचायतीने, जिची घरपट्टी काही तेवढ्या पटीत वाढली नव्हती. भाऊबंदांचे शेजार तुटले. बाईला पूर्वी दारातून हाक मारली की जाऊ यायची, आता दोन रस्ते ओलांडायचे. लोकांनी मग घरापुढे पत्र्याच्या पडव्या काढल्या, जमेल तशा भिंती घातल्या. गुजरातने २००१ च्या भूकंपानंतर बहुतेक घरं मालकांनाच पैसे देऊन बांधू दिली, त्यामागे किल्लारीचा हा अनुभव होता.

याच प्रकल्पाचा एक भाग फार कमी लोकांना माहीत आहे. जी गावं हलवली नाहीत तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. भिंतीत आरपार दगड (किंवा काँक्रीटचे तुकडे) घाला, माळवदाची माती कमी करा, कोपरे बांधा. स्वस्त आणि शहाणा उपाय. कित्येकांनी काय केलं, तर त्या पैशात शेजारी एक नवी पक्की खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं! इंजिनियर वैतागले. पण मला त्या लोकांचं पटतं थोडं. ज्या भिंतीने शेजारचं गाव मारलं, तिच्यात चार दगड घालून ती आपली कशी होणार? अडचण एवढीच की उन्हाळा आला की माणसं पुन्हा गार माळवदाखालीच झोपायची आणि नव्या खोलीत धान्याची पोती.

आणि कंधारसारख्या ठिकाणी आज कायद्यांची कमी नाही. १९६६ चा नगररचना कायदा आहे, आमची नगरपरिषद आहे, डिसेंबर २०२० पासून बहुतेक महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली आहे. शिवाय २००१ चा गुंठेवारी कायदा, ज्याने तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवरची बांधकामं नियमित करता येतात. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. पण हे सगळे नियम नव्या बांधकामाकडे किंवा कागद नसलेल्या बांधकामाकडे बघतात. पांढरीतल्या जुन्या घराचा कागद चोख असतो. त्याची भिंत कुणी तपासत नाही. मी गावी जातो तेव्हा जुन्या दगडी भिंतीवर थेट स्लॅब टाकून चढवलेला मजला दिसतो, खाली मोबाइलचं दुकान, वर कोचिंग क्लास.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, दहा-एक मिनिटांत आणखी एक. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५. दोन्ही वेळा नांदेडपर्यंत जाणवले, दोन्ही वेळा सुदैवाने सकाळ होती आणि केंद्र कळमनुरी तालुक्यात होतं. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना एक आवाहन केलं: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत.

मी घरी फोन केला तेव्हा आमच्या गल्लीत यावरच चर्चा चालू होती. दगड काढले तर अवकाळीच्या वाऱ्यात पत्रे जातात, आणि एप्रिल तोंडावर होता.