मुलाच्या दिवसांची वाटणी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. डोंगरावरील त्वरितादेवीच्या देवळामुळे मराठवाड्यात ते सर्वांच्या परिचयाचे आहे. या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात. पावसाळा आणि खरिपाचे दिवस गावी जातात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळा तापू लागल्यावरच परततात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. संसार मोडला की कोयताही मोडतो, उचल मात्र मोडत नाही. अशा घरातील आईबाप विभक्त झाले, तर मुलाने कोणते महिने कोणाजवळ काढावेत?

न्यायालयाच्या आदेशात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरावीक साच्यात येते. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी अमुक तास भेट, दिवाळीची निम्मी सुट्टी एकाकडे, निम्मी दुसऱ्याकडे, उन्हाळ्यात काही दिवसांचा मुक्काम. हा साचा शहरातील पगारदार कुटुंबाच्या सोयीचा आहे. तलवाड्याच्या पंचांगात दिवाळी हा घर सोडण्याचा हंगाम असतो, आणि फडावरील माणसाला पहिल्या शनिवारची सुट्टी कोणी देत नाही. तरीही या वेळापत्रकाला नाव ठेवण्यापूर्वी ते किती कष्टाने मिळाले आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मुलाच्या ताब्याचा विषय निघाला की आपल्याला शलमोन राजा आठवतो. त्याने तलवार मागवली ती मूल कापण्यासाठी नव्हती, आई ओळखण्यासाठी होती. मात्र त्याच्यापुढे दोन स्त्रिया उभ्या होत्या आणि त्यांतील एक खोटे बोलत होती. आजच्या न्यायाधीशापुढे उभे असलेले दोघेही बहुधा खरे असतात. एक खरी आई असते, एक खरा बाप असतो. शलमोनाची युक्ती येथे चालत नाही. म्हणून न्यायालयांना दिवस वाटण्याचा मार्ग शोधावा लागला.

तो मार्ग शोधायला फार काळ लागला. आपल्याकडील कायद्याचा मूळ आराखडा ज्या इंग्रजी कायद्यावरून घेतला, त्यात मूल हे बापाचे, ही गोष्ट गृहीत होती. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले तिच्या पतीने १८३६ साली तिच्यापासून दूर नेली. तिने लेखणी हाती धरली, आणि १८३९ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला. त्यानुसार सात वर्षांखालील मुलाचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट मागण्याची मुभा प्रथमच आईला मिळाली. विभक्त पालकाने मुलाला भेटावे, ही कल्पना कायद्यात अशी शिरली.

परंतु मुभा म्हणजे हक्क नव्हे. कॅथलिक वाचकांनी आगर-एलिस कुटुंबाचा खटला अवश्य जाणून घ्यावा. पती अँग्लिकन, पत्नी कॅथलिक. मुलांना कॅथलिक धर्मात वाढवीन, असे वचन पतीने विवाहापूर्वी दिले आणि पुढे ते मोडले. १८७८ साली न्यायालयाने बापाचीच बाजू धरली. १८८३ साली सोळा वर्षांच्या मुलीने आपली सुट्टी आईजवळ घालवू द्यावी आणि तिच्याशी मोकळेपणाने पत्रव्यवहार करू द्यावा, अशी विनंती केली. न्यायालयाने तीही नाकारली. मुलगी जाणती होती, तिची इच्छा स्पष्ट होती, आईवर कसला दोष सिद्ध नव्हता. तरी बापाचा अधिकार अबाधित राहिला. आज आपण ज्याला सुट्टीतील भेट म्हणतो, ती त्या मुलीला मिळाली नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्यानेही लांबचा पल्ला गाठला आहे. १९१७ च्या कॅनन कायद्यातील ११३२ व्या कलमानुसार पती-पत्नी विभक्त झाल्यास मुलांनी निर्दोष जोडीदाराजवळ वाढावे, आणि दोघांपैकी एक कॅथलिक नसेल तर कॅथलिक जोडीदाराजवळ वाढावे, असा नियम होता. मुलांच्या हितासाठी धर्माधिकाऱ्याने वेगळा निर्णय देण्याची सोय त्यात होती. तरीही नियमाची सुरुवात दोषी कोण आणि निर्दोष कोण, येथूनच होत असे, आणि निर्दोष ठरलेल्याच्या पदरात मूल पडे. १९८३ च्या संहितेत हा नियम उरला नाही. आताचे ११५४ वे कलम एवढेच बजावते की, विभक्त झाल्यावर मुलांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची योग्य तजवीज झालीच पाहिजे. दोषाची चौकशी मागे पडली आणि मुलाची गरज पुढे आली.

भारतात ख्रिस्ती कुटुंबांसाठी दोन जुने कायदे आहेत. १८६९ च्या घटस्फोट कायद्यातील ४१ ते ४४ या कलमांनी न्यायालयाला मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार दिला. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एतद्देशीय पित्याचा मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी तेराव्या वर्षापर्यंतच अज्ञान मानली गेली. इतरांच्या अविवाहित अपत्यांसाठी ही मर्यादा अठरा वर्षांची होती. वसाहतीच्या राज्यात बालपणही वंशानुसार मोजले जाई! दुसरा कायदा १८९० चा, पालक आणि पाल्य कायदा. त्यातील सतराव्या कलमाने अज्ञान मुलाच्या कल्याणाला प्राधान्य दिले, आणि मूल समंजसपणे आवड सांगण्याइतके मोठे असेल तर तिचा विचार करण्याची मुभा न्यायालयाला दिली. आगर-एलिस खटल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी झालेली ही तरतूद आहे. मात्र एकोणिसाव्या कलमात बाप हयात आणि लायक असताना दुसरा पालक नेमू नये, असेही म्हटले होते. तेथे बापाच्या जोडीला आई हा शब्द येण्यासाठी २०१० साल उजाडावे लागले.

मधल्या काळात न्यायाधीशांनी कायद्याच्या कोरड्या कलमांत प्राण ओतला. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या, सरस्वतीबाई विरुद्ध श्रीपाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, बापाचे हित किंवा आईचे हित हा निकष नाही, केवळ मुलाचे हित हाच निकष आहे. १९७३ साली एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या खटल्यात, म्हणजे प्रसिद्ध रोझी जेकब खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत असे बजावले. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतो, हेही त्याच खटल्यात स्पष्ट झाले. कागदावरील वेळापत्रक ही दगडावरची रेघ नाही, हा दिलासा अनेक घरांना तेथून मिळाला.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात पालकत्व आणि ताबा यांच्यासोबत मुलाची भेट हाही विषय स्वतंत्र शब्दांत आला. १९८९ साली मुंबईत असे न्यायालय सुरू झाले. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आणि भेटींविषयी मार्गदर्शक सूत्रे सुचवली. २०२० साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. आईबाप दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे दूरध्वनी किंवा व्हिडिओवरील बोलणेही आदेशात असावे, असे त्या न्यायालयाने म्हटले.

हा सारा प्रवाह तलवाड्यापर्यंत वळणे घेत पोहोचला. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा हैदराबादसारख्या राज्यांना लागू झाला तो १९५१ साली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. कौटुंबिक न्यायालय दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठी बंधनकारक आहे. इतरत्र त्याची स्थापना सरकारच्या निर्णयावर अवलंबून असते आणि ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयच हे काम पाहते.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. १८९० च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. सामान्यतः राहणे म्हणजे काय, यावर मोठा वाद झाला तो ॲनी बेझंट यांच्या खटल्यात. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ यांच्या ताब्यासाठी वडील नारायणय्या यांनी दावा लावला होता. मुले शिक्षणासाठी इंग्लंडला गेली असल्याने ती चिंगलपट जिल्ह्याची रहिवासी मानता येत नाहीत, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१४ साली ठरवले. आता फडावर आईबापांबरोबर जाणारे मूल घ्या. निम्मे वर्ष गावी, निम्मे वर्ष कारखान्याच्या पालात. किंवा आजीजवळ गावी राहून शाळेत जाणारे मूल घ्या, ज्याचे आईबाप निम्मे वर्ष दिसतच नाहीत. त्याचे घर कोणते, हे ठरवताना आजीचा उंबरठा मोजावाच लागेल.

त्याच कायद्याचे सव्विसावे कलम फारसे कोणी वाचत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने पाल्याला परवानगीवाचून त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये, असे ते सांगते. पण ती परवानगी विशिष्ट प्रसंगापुरती किंवा सर्वसाधारण असू शकते, असेही त्यातच लिहिले आहे. न्यायालयाने पालक म्हणून नेमलेली आई ऊसतोडीला जात असेल, तर संपूर्ण हंगामाची सर्वसाधारण परवानगी आदेशातच मागता येते. भेटीचे दिवस शनिवारांऐवजी हंगामानुसार आखण्याची विनंती करता येते. बाप फडावर असताना आठवड्यातून ठरलेल्या सायंकाळी दूरध्वनी, तो परतल्यावर सलग मुक्काम, आणि मूल ज्या आजी-आजोबांच्या घरी राहते त्या घराचा भेटीची जागा म्हणून उल्लेख, हे सारे कायद्याच्या चौकटीत बसणारे आहे. ते मागितले पाहिजे, कारण पक्षकारांनी सांगितल्याशिवाय न्यायाधीशाला उसाचे पंचांग कळणार नाही.

आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण बहुधा कुजबुजतो. हे लक्षात ठेवावे की, ख्रिस्तसभेच्या न्यायासनाचा निर्णय मुलाचा ताबा ठरवत नाही. तो अधिकार नागरी न्यायालयाचा आहे. विवाहसंस्काराविषयी आपली श्रद्धा कितीही दृढ असली, तरी वेगळ्या राहणाऱ्या आईबापांच्या मुलाला त्या श्रद्धेपायी एक पालक गमवावा लागू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी विभक्त पालकांना मुलांना कधीही ओलीस धरू नका, असे कळकळीने विनवले होते. ओलीस धरण्याचे प्रकार अनेक आहेत. भेटीच्या दिवशी मुलाला अचानक ताप येतो, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्याचा दिवस बापाला कळवलाच जात नाही, मामाच्या घरी आईचे नाव काढण्याची बंदी असते. १८९० च्या कायद्यात काही आदेश मोडल्यास शंभर रुपये दंड, आणि हट्ट सुरू राहिल्यास दररोज दहा रुपये, अशी शिक्षा आहे. एवढ्या दंडाने कोणाचे मन वळत नाही. तेथे शेजारी, धर्मपिता, धर्ममाता आणि आजी-आजोबा यांचा शब्द अधिक उपयोगी पडतो. ठरलेल्या दिवशी मुलाचा हात धरून त्याला दुसऱ्या दारापर्यंत पोहोचवणारे वडीलधारे माणूस कायद्यात कोठेही नमूद नाही. मात्र ते नसेल तर उत्तमात उत्तम आदेशही कपाटातच पडून राहतो.

सोळा वर्षांच्या आगर-एलिस मुलीने मागितली होती एक सुट्टी. आज तशी सुट्टी आपल्या मुलांना कायद्याने मिळू शकते. ती तलवाड्याच्या मुलापर्यंत पोहोचायची असेल, तर शनिवारांच्या शेजारी उसाचा हंगामही लिहावा लागेल.