एकुलता एक फ्लॉपी ड्राइव्ह

लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरमध्ये अगदी सुरुवातीलाच एक कबुली लिहून ठेवली होती. ही फाइल म्हणजे नुसता गोंधळ आहे, मला फ्लॉपीचं प्रोग्रामिंग आवडत नाही, आणि तसाही माझ्याकडे ड्राइव्ह एकच आहे. काही ड्राइव्हवर त्रास होतोय असं दिसतं, दुरुस्ती केली आहे, पण खात्री देत नाही! आज कोड रिव्ह्यूमध्ये असली कॉमेंट कोणी पास करेल का? पण गडी खरं बोलत होता.

फ्लॉपीच्या ड्रायव्हरमधला फिक्स चालला की नाही, हे कळणंच मुळात अवघड. मोटरला मिनिटाला ३०० फेऱ्यांचा वेग पकडायला वेळ लागतो, हेडला सरकल्यावर स्थिरावायला वेळ लागतो. तेवढं थांबलं नाही तर वाचन चुकतं. आणि थांबलं तरी चुकतं, कारण डिस्कवर बुरशी, हेडवर धूळ. म्हणून चूक आली की ड्रायव्हर पुन्हा वाचतो, नाहीच जमलं तर हेड शून्य ट्रॅकवर नेतो, मग कंट्रोलरच रिसेट करतो. गंमत अशी की या रीट्रायमध्ये तुमच्या कोडची चूकसुद्धा झाकली जाते. टेस्ट पास! पण शेजाऱ्याच्या ड्राइव्हवर?

आता एकदम जुलै २०१९. आडवेतिडवे सिस्टिम कॉल मारून कर्नल पाडणाऱ्या सिझकॉलर या टूलला याच ड्रायव्हरमध्ये चुका सापडल्या. फॉरमॅट करताना विचित्र आकडे दिले की ट्रॅकवरच्या सेक्टरांची संख्या शून्य व्हायची आणि कर्नल शून्याने भागायला जायचा. डेनिस एफ्रेमोव्हने पॅचेस पाठवले: आकडे आधी तपासा. साधी गोष्ट. पण तपासणी जरा जास्त कडक झाली तर? १.४४ एमबीच्या डिस्कवर ट्रॅकमागे १८ सेक्टर असतात, पण मायक्रोसॉफ्टनेच कधीकाळी २१ कोंबून १.६८ एमबी बसवले होते. असले प्रकार बंद पडायला नकोत. शिवाय व्हर्च्युअल मशीनमधल्या फ्लॉपीला मोटरही नसते आणि धूळही नसते. खरा ड्राइव्हच हवा.

आणि ड्रायव्हरचा मेंटेनर यिरी कोसिना याच्याकडे चालू हार्डवेअर उरलंच नव्हतं! शेवटी विली तारोने (तोच, एचएप्रॉक्सीवाला) टेस्ट केलं. मग लिनसने ड्रायव्हरपुढे 'अनाथ' असा शेरा मारला. बाजारातले यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह हा ड्रायव्हर वापरतच नाहीत, पण व्हर्च्युअल मशीन्स जुन्या कंट्रोलरची नक्कल करतात, म्हणून काढूनही टाकता येईना. ती नक्कलही गरीब गाय नव्हे. क्यूईएमयूच्या नकली फ्लॉपी कंट्रोलरमध्ये २००४ पासून दडलेली 'व्हेनम' ही चूक २०१५ साली उघडकीस आली होती, आणि तिच्यातून गेस्ट मशीनमधून थेट बाहेर पडता येण्याचा धोका होता.

असो. त्याच वर्षी एफ्रेमोव्हनेच मेंटेनर म्हणून आपलं नाव लावलं.